डोळ्यांवरचा हात

उन्हाळ्यातला सिनेमा डोकं घरी ठेवून बघायचा असतो, असं माझं ठाम मत आहे. बाहेर डांबर वितळतंय, घरात पंखा गरम वारा ढकलतोय, अशा दुपारी थंडगार थिएटरात बसून कुणाला जीवनाचा अर्थ समजून घ्यायचाय? एखादी गाडी उडावी, दोन माणसं प्रेमात पडावीत, समुद्र दिसावा आणि शेवटी सगळे घरी पोचावेत. एवढं झालं की तिकीट वसूल. विचार करायला लावणारे सिनेमे थंडीत बघावेत.

आम्ही चौघी हे व्रत पाळल्यासारखं पाळत आलोय. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. म्हणजे काच फ्रेमच्या मापाची करून तीत बसवते. गिऱ्हाइकाला 'आता दिसतंय का नीट?' असं विचारणारा मालक, आणि ते दिसावं म्हणून मागच्या खोलीत पांढऱ्या भुकटीत हात बुडवून बसलेली मी. दुसरी मास्तरीणबाई, शाळेत गणित शिकवते आणि शाळेबाहेरही शिकवायचं थांबत नाही. तिसरी टेलरबाई, आमच्या सगळ्यांची मापं तिला पाठ आहेत आणि ती ती चारचौघांत मोठ्यानं सांगते. चौथी माझी सख्खी धाकटी बहीण. तिला सगळेच धाकटी म्हणतात, तिचा नवरासुद्धा.

आमचा नियम असा. उन्हाळ्यातला पहिला मोठा सिनेमा चौघींनी एकत्रच बघायचा, दुपारच्या खेळाला, एका रांगेत. त्याआधी त्याच्याबद्दल काही वाचायचं नाही, ऐकायचं नाही, कुणी सांगायला लागलं तर कानात बोटं घालायची. सिनेमा संपला की कोपऱ्यावरच्या ज्यूसच्या दुकानात बसायचं आणि त्या वर्षीची सहल ठरवायची. 'ठरवायची' म्हणजे मी ठरवायची आणि बाकीच्यांनी कुरकुरायचं. सहल दरवर्षी तलावाचीच. तिथला रस्ता सपाट आहे आणि मला घाट लागतो. दुसऱ्या वळणाला तोंडात पाणी सुटतं आणि तिसऱ्याला मी खिडकीबाहेर असते.

यंदा सहल ठरायच्या आधीच बारगळली. मास्तरीणबाईला पेपर तपासायला बसवलं होतं. टेलरबाईकडे कुठल्याशा लग्नाचे कपडे अर्धवट पडले होते. धाकटीच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती चार दिवस सासरच्या गावी गेली. ऑपरेशननंतर उजेड सहन होत नाही, म्हणून मी सासूबाईंसाठी गडद काचांचा चष्मा स्वतः घासून दिला. चांगली भारी फ्रेम, कडेनंही ऊन आत येणार नाही अशी. धाकटीनं तो नीट पेटीत ठेवला आणि म्हणाली, "ताई, त्या तुला दुवा देतील."

मी म्हटलं, सहल गेली तर गेली, सिनेमा तर आहे. तोवर तो लागून आठवडा होत आला होता. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्याबद्दल बोलत होतं आणि मी काचा घासायचं मशीन मुद्दाम जोरात चालवून कान बंद करून घेत होते. मालक म्हणाला, "अहो, मशीनला काही झालंय का?" त्याला काय सांगणार?

धाकटी परत आली आणि पुढच्याच रविवारी आम्ही गेलो. कडेला मास्तरीणबाई, मग टेलरबाई, मग मी, मग धाकटी. मांडीवर पॉपकॉर्न, पाठीवर थंड हवा. मला इतकं सुख झालं की मी चप्पल काढून पाय वर घेतले. सिनेमात एक खडूस म्हातारा होता आणि त्याचा कुत्रा. दोघं जुनाट ट्रक घेऊन समुद्र बघायला निघतात. कुत्रा खिडकीतून डोकं बाहेर काढून बसायचा, त्याचे कान वाऱ्यावर उडायचे. पहिल्या दहा मिनिटांत मी त्या कुत्र्याच्या प्रेमात पडले.

काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं, टेलरबाई गप्प आहे. एरवी ती सिनेमाभर विचारत असते, हा कोण, ही याची बायको का, आता हा मरतो का. पुढच्या रांगेतले लोक वळून बघतात तरी ही थांबत नाही. आज एक प्रश्न नाही. मास्तरीणबाई मधेच उठून बाहेर गेली, परत आली आणि खाली बसली. 'काय झालं, काय झालं' म्हणून तिनं माझा दंड हलवला नाही. मला वाटलं, वय झालं आमचं, शहाण्या झाल्या बाया. खरं सांगते, मला जरा वाईटसुद्धा वाटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लहानपणापासून पडद्यावर काही भयंकर आलं की मी धाकटीच्या डोळ्यांवर हात ठेवते. माझा हात नेहमी उशिरा पोचतो, कारण आधी मलाही ते दिसावं लागतं. "ताई, तुझा हात येईपर्यंत माणूस मेलेला असतो," असं ती अजून चिडवते. मला मात्र माणसांचं काही वाटत नाही. पडद्यावर शंभर माणसं मेली तरी माझं पॉपकॉर्न थांबत नाही. जनावराला काही झालं की मी संपले. हे जगात फक्त धाकटीला माहीत आहे.

तर मध्यंतराच्या जरा आधी ट्रक एका पुलावर आला. ऊन, निळं आकाश, मजेशीर संगीत. म्हातारा बेसूर गात होता आणि कुत्रा त्याच्याकडे तुच्छतेनं बघत होता. सगळं थिएटर हसत होतं. मीही हसत होते.

आणि धाकटीचा तळवा माझ्या डोळ्यांवर आला.

हळूच, घट्ट. "नको बघूस, ताई," ती कानात म्हणाली. मी हसतच होते अजून. मग केवढा तरी आवाज झाला, काच फुटली, लोकांच्या तोंडून एकदम 'आई गं' निघालं. मागे कुणाचं तरी पोर रडायला लागलं. धाकटीचा हात तसाच होता, जरासुद्धा थरथरत नव्हता.

आधी मला भरून आलं. इतक्या वर्षांत कुणी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला नव्हता. मी तिचं मनगट धरलं. आणि ते धरल्या धरल्या मनात आलं, हा हात वेळेवर कसा आला? संगीत मजेशीर होतं. लोक हसत होते. तिला काय माहीत?

दिवे लागले. टेलरबाई म्हणाली, "चला, समोसे आणते," आणि माझ्याकडे न बघता उठली. मास्तरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती, जे सापडत नव्हतं.

दुसरा अर्धा सिनेमा मी पाहिलाच नाही. मी त्या तिघींकडे बघत बसले. लोक दचकायच्या आधी टेलरबाई खुर्चीचा हात धरत होती. विनोद व्हायच्या आधीच मास्तरीणबाईचे ओठ हसायच्या तयारीला लागत होते. आणि माझ्या शेजारी धाकटी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, पुढचा धक्का मला बसणार आहे की नाही याचा अंदाज घेत. पडद्यावर समुद्र आला असावा, कारण तोंडावर निळा उजेड पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या तिघींनीही वाजवल्या. मला त्या टाळ्यांची शिसारी आली.

ज्यूसच्या दुकानात नेहमीचं टेबल मिळालं. ग्लास आले. मी नळीनं बर्फ ढवळला आणि विचारलं, "मग? पहिल्यांदा जास्त आवडला की दुसऱ्यांदा?"

"तुला कुणी सांगितलं?" टेलरबाई म्हणाली.

मास्तरीणबाईनं टेबलाखालून तिला लाथ मारली, ती मला लागली. धाकटीनं डोळे मिटून घेतले. आता त्या डोळ्यांवर हात ठेवायला कुणी नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं, तेही एकमेकींना अडवत. पेपर तपासून झाले होते. लग्नाचे कपडे देऊन झाले होते. तिघी डोंगरावर गेल्या होत्या, घाट चढून, वरच्या थंड हवेत. एक दिवस धुकं उतरलं, खोलीबाहेर काही दिसेना. गावात एक लहानसं थिएटर होतं, तिथे हा सिनेमा लागला होता.

"आम्ही जाणार नव्हतो गं," मास्तरीणबाई म्हणाली. "खूप वेळ नाहीच म्हणत होतो. नियम म्हणजे नियम. पण करणार काय दुसरं?"

"आणि मग आज?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"म्हणून तिकीट काढून नाटक करायला आलात."

शेजारच्या टेबलावर एक बाई नवऱ्याला शेवट सांगत होती.

"दरवर्षी तोच तलाव," शेवटी टेलरबाई म्हणाली. ती मनानं वाईट नाही, फक्त तिच्या तोंडाला टाका नाही. "एकदा तरी डोंगर बघावा वाटलं. तुला उलट्या होतात, तुला नेणार कसं? धाकटी म्हणाली, तुम्ही या, ताईला मी सांभाळते."

म्हणजे बेत तिचा होता. मी तिच्याकडे वळले. "मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं, जा."

"म्हटलं असतंस," धाकटी म्हणाली. "आणि मग वर्षभर ऐकवलं असतंस."

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं. "सासूबाईंचे डोळे कसे आहेत?" मी विचारलं.

तिनं ग्लासकडे बघितलं.

"ऑपरेशन झालंच नाही ना?"

"नाही."

"मग माझा चष्मा?"

ती इतकं हळू बोलली की मला पुन्हा विचारावं लागलं. "वर ऊन फार होतं, ताई," ती म्हणाली. "मीच घातला."

त्या क्षणी मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या कुणाचा किस्सा असता तर मी टेबलावर हात आपटून हसले असते. मी उठले आणि उन्हात चालत घरी आले. परक्यांनी हातावर तुरी दिल्या तर माणूस दोन शिव्या घालतं आणि मोकळं होतं. ज्या पोरीच्या वेण्या घातल्या तिला कुठली शिवी घालू? तिचे आईबाप तेच माझे.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. मालक जेवायला गेला होता. ती थेट मागच्या खोलीत आली, स्टुलावर बसली आणि चष्म्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. मी मशीन बंद केलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या काचा होत्या, कड नीट येत नव्हती.

"ताई, बोल ना काहीतरी. शिव्या दे."

मी कड तपासली, पुन्हा लावली.

"तिकडे बघताना," मी म्हणाले, "तुझ्या डोळ्यांवर कुणी हात ठेवला?"

तिचा चेहरा उजळला. मी बोलले एवढ्यानंच उजळला. "कुणीच नाही. मी बघितलं सगळं, डोळे उघडे ठेवून. मला रडू येत होतं, तरी बघितलं. म्हटलं, ताईला हे सोसणार नाही. तिच्याबरोबर बघताना हात नेमका कधी ठेवायचा, ते आपल्याला माहीत असलेलं बरं."

ती हे मला प्रेमानं सांगत होती. त्यात खोटं काही नव्हतं, मला माहीत आहे. मी मशीन बंद केलं, तशी खोली एकदम शांत झाली.

"म्हणजे तिथे बसल्या बसल्याच तू ठरवलं होतंस," मी म्हणाले. "की मला काही सांगायचं नाही. की माझ्याशेजारी बसून पुन्हा पहिल्यांदा बघायचं."

आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

मी पेटी उघडली. सवयीनं काच कापडानं पुसली. उजव्या काचेवर बारीक चरा पडला होता, दगडावर वगैरे ठेवला असावा. मी चष्मा मिटला, पेटीत ठेवला आणि पेटी तिच्या हातात परत दिली.

"तूच ठेव. पुढच्या वर्षीही वर ऊन असेलच."

"आणि तू?" तिनं विचारलं. "तू येणार नाहीस आमच्यात?"

मी उठले, हातावरची भुकटी झटकली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली पर्स काढली. मालकाला काय सांगायचं ते वाटेत ठरवता येणार होतं.

"दुपारच्या खेळाला चाललेय," मी म्हणाले. "एकटी. त्या कुत्र्याचं काय झालं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."