लाल दोऱ्याचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. आधीच सांगितलेलं बरं.

माझ्या एका रोलमध्ये फोटो आठच, पण एकेकाची फिल्म पत्त्यातल्या पानाएवढी. वजन दीड किलोच्या आसपास. कर्जतचे दत्तोपंत गुरुजी मला गळ्यात अडकवून तीस वर्षं हिंडले. आमच्या जातीला रेंजफाइंडर म्हणतात आणि आमच्यात एक खोड असते. बघायची खिडकी वेगळी, फोटो घेणारं भिंग वेगळं. भिंगावर झाकण राहिलं, तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. म्हणून गुरुजींनी रीतच पाडली होती. ज्याचा फोटो, त्याच्या हातात माझं लाल दोऱ्याचं झाकण द्यायचं आणि मगच बटण दाबायचं.

गुरुजी गेले. त्यांच्या मुलीने, ऋजुताने, दुसरा रेंजफाइंडर आणला. वजनाला हलका, भिंगं बदलता येणारा, रोलमध्ये दहा फोटो, उजेड मोजायचं यंत्र पोटातच. आणि मेल्याला ठेवलं कुठे, तर माझ्याच शेजारी! तिला लडाखला एकच न्यायचा होता. उरलेला शिळफाट्याचा कॅमेरेवाला रोहिदास विकत घेणार होता.

पारख करायला ती आम्हा दोघांना कर्जतजवळच्या कोंडाण्याला घेऊन गेली. लेण्यांच्या वाटेवर गुरुजींच्या ओळखीच्या आनंदीबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. ऋजुताने नव्याला उचललं.

"झाकण नाय दिलंस गं माज्या हातात? गुर्जी पयलं झाकण द्यायचे."

"हा नवा आहे आजी, याला नाही लागत."

आणि झाकण न काढताच तिने खटाखट दहा फोटो घेतले! मला दिसत होतं. मला वाचा असती तरी मी सांगितलं नसतं. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"आता गुर्जींच्या क्यामेऱ्यात काढ," आनंदीबाई हटूनच बसल्या. माझं झाकण त्यांनी मुठीत धरलं, तेव्हा कुठे माझा एक फोटो झाला.

घरी फिल्म धुतली. नव्याची कोरी निघाली. माझ्या फिल्मवर आनंदीबाई होत्या, सुपातल्या वालांसकट. आता लडाखला मीच जाणार, हे मी धरूनच चाललो.

ऋजुताने रोहिदासला फोन केला. "जुना विकायचा नाही. चूक नव्याचीही नाही, माझी होती." मग तिने माझं झाकण काढून नव्याला लावलं, त्याचं मला लावलं आणि पिशवीत घातलं ते त्यालाच. "तुझं वजन नाही रे झेपत मला," एवढंच मला म्हणाली. सवतीचं झाकण तोंडावर घेऊन मी महिनाभर कपाटात धुमसत बसलो.

ती परत आली आणि तिने माझ्यासमोर फोटो मांडले. चहावाला, मेंढपाळ बाई, शाळेतल्या मुली. प्रत्येकाच्या हातात लाल दोऱ्याचं झाकण होतं. मी कपाटातच होतो, पण गुरुजी लडाखला जाऊन आले होते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू विकायला काढाल, तेव्हा तिच्यामागची रीत आधी विचारून घ्या. आणि ऋजुता भेटली, तर माझं झाकण मला परत द्यायला सांगा. ते अजून त्याच्याच तोंडावर आहे.