मंगळाच्या खोलीतून आलेलं उत्तर

दर रविवारी दुपारी ड्रायव्हिंग शाळेच्या वरच्या मजल्यावर मंगळ क्लब भरतो. दोन खोल्या आहेत. मोठी ती पृथ्वी आणि आतली तो मंगळ. मंगळाच्या एकुलत्या एक खिडकीला लाल कागद डकवलेला. आत चारपाच माणसं, क्लबातल्याच शिंपीकाकांनी शिवलेल्या जाड पांढऱ्या पोशाखात घामाघूम होऊन बसतात. माझा नवरा त्यांतला एक. आठवडाभर तो लोकांच्या जमिनी मोजून त्यांची भांडणं ऐकतो आणि रविवारी अशा जमिनीची स्वप्नं बघतो जिच्यावर अजून कुणाची भाऊबंदकी पोचलेली नाही.

"इथे स्वतःचं घर होईना आणि चालला मंगळावर वस्ती करायला!" असं सासूबाई म्हणतात. त्यांना हे हसण्यावारी नेता येतं. त्या लांब राहतात.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच तो जिना चढले. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी, पिशवीत तिचं वाफेचं मशीन. दीड वर्षाची आहे आणि महिन्यातून दोनतीनदा तिला दम लागतो. मला रात्रीची झोप म्हणजे काय ते आठवत नाही. झोपले तरी कान तिच्या श्वासाला बांधलेले असतात. आणि घरचं झालं थोडं म्हणून क्लबाने घोडं धाडलं होतं: लांब एका ओसाड माळावर मंगळावरच्या राहणीचा सराव करायला बंदिस्त घुमट उभा राहिला होता, त्यात आठ महिने राहायला क्लबातून एकजण जाणार होता. मधे बाहेर यायचं नाही. फळ्यावर नवऱ्याचं नाव सगळ्यांत वर होतं आणि ते त्याच दिवशी पक्कं व्हायचं होतं. घरी विषय काढला की तो "बोलू ना" म्हणायचा आणि घोरायला लागायचा.

"आत जाऊ का? दोन मिनिटांचं काम आहे," मी क्लबाच्या प्रमुखांना विचारलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात.

"आत कसं जाल वहिनी? मधे अवकाश आहे."

"मधे प्लायवूड आहे."

शेजारी बसलेली दातांची डॉक्टर फस्सकन हसली. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी शांतपणे नियम सांगितला. निरोप फोनवर रेकॉर्ड करायचा. तो खऱ्या मंगळावर पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा टेबलावर ठेवायचा, मग आत पाठवायचा. उत्तरही तसंच यायचं. आणि प्लायवूडमधून जे ऐकू येतं, ते ऐकू आलेलं नाही. आत कुणी शिंकलं तरी पृथ्वीवर मान वळवायची नाही.

मी निरोप बोलले, सगळ्यांदेखत. "ऐक. मला एकटीला नाही जमणार. हिला रात्री दम लागला की माझे हातपाय गळतात. जाऊ नकोस."

मग वाट बघत बसलो. डॉक्टरने मुलीला मांडीवर घेऊन तिचे चारसहा दात मोजले. मी फ्रॉकखाली तिच्या बरगड्या किती आत जाताहेत ते बघत होते.

वेळ झाली. कॅप्टननी निरोप पाठवला आणि माझाच आवाज मला पलीकडून ऐकू आला, मी आहे त्याहून बारीक.

"काय करणार रे?" शिंपीकाकांचा आवाज.

"ती असंच म्हणते काका," माझा नवरा म्हणाला. "मग करते सगळं बरोबर. सांभाळेल ती."

"रडवेली झाली होती. धड उत्तर तरी दे."

तो खाकरला. मग गिऱ्हाइकांशी बोलताना काढतो तो आवाज काढून त्याने रेकॉर्ड केलं: "तुझ्या मनाविरुद्ध मी कुठेही जाणार नाही. तू नको म्हण, विषय संपला."

पृथ्वीवर सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते. डॉक्टर मुलीचे मोजे सारखे करत राहिली. मला राग यायला हवा होता, पण रागालाही आदल्या रात्रीची झोप लागते. सांभाळेल ती. खोटं नव्हतं ते. तेच तर वाईट होतं.

बऱ्याच वेळाने उत्तर "पोचलं". कॅप्टननी ते मोठ्याने लावलं आणि पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यांनी सगळ्यांनी माना वर केल्या.

"मी नको म्हणतेय," मी म्हणाले. "त्याचं नाव काढा."

"वहिनी, त्याला एकदा विचारून..."

"त्यानेच सांगितलंय की. आत्ता तुम्हीच लावलंत."

"हो, पण त्याच्या मनात..."

कॅप्टन थांबले. पुढचं बोलायचं तर पलीकडचं ऐकलं हे कबूल करावं लागलं असतं. ते उठले आणि त्यांनी फळ्यावरचं नाव पुसलं. आत खुर्ची जोरात सरकली. मग काहीच नाही. नियम त्यालाही होताच.

सभा संपल्यावर तो बाहेर आला. कपाळाला केस चिकटलेले. माझ्याकडे न बघता त्याने पिशवी उचलली. अर्धा जिना उतरल्यावर म्हणाला, "किती दिवस वाट बघत होतो मी."

"माहितेय मला."

"मग?"

"मग काही नाही. आज रात्री तू जाग. मी झोपणार आहे."

"आणि तिला दम लागला तर?"

"मशीन लाव."

तो तिथेच थांबला. हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. दीड वर्षात त्याने ते एकदाही लावलं नव्हतं, हे आम्हा दोघांच्याही तेव्हाच लक्षात आलं.

"कसं लावतात?" त्याने विचारलं.

घर काही लांब नव्हतं. पण मी पायरीवरच बसले आणि म्हणाले, "काढ बाहेर."