बुट्टीखालचा हात

माधवीच्या बालवाडीत ब्रश नावाची वस्तूच नव्हती, आणि पिरनवाडीतल्या तमाम आयांचा त्यावर राग होता. पोरं सकाळी भांग पाडून जायची आणि दुपारी शिमगा खेळल्यासारखी परत यायची. कधी परातीत मैद्याची खळ ओतून त्यात गेरू कालवायचा आणि कोपरापर्यंत हात बुडवायचे, कधी कापलेल्या भेंडीची फुलं छापायची, कधी तळपायांना हळद फासून लांबच लांब कागदावरनं चालायचं. एखादी आई भांडायला आली, तर माधवी शांतपणे तिच्याच हाताला रंग लावून तिला कागदापाशी बसवायची. भांडण तिथंच मिटायचं. माधवीची स्वतःची चार वर्षांची ऋतिका तर या सगळ्या उद्योगांची म्होरकी. परातीत सारखं केलेलं पीठ दिसलं, की तिचा पंजा त्यात पडलाच म्हणून समजा.

अशा हसत्याखेळत्या घरात गुंडू आप्पा गेले. माधवीचे सासरे. म्हशीची धार काढून आले, प्यायला पाणी मागितलं, आणि माधवी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुखणं नाही, खुपणं नाही. तांब्या हातात धरून ती किती वेळ तशीच उभी होती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

माती झाली. जिथं आप्पांचा जीव गेला, तिथं सासूनं, अक्काताईनं, परातीत तांदळाचं पीठ पसरलं, तळहातानं सारखं केलं, शेजारी दिवा लावला आणि वर बुट्टी, वेताची टोपली, पालथी घातली. ही रीतच. रात्रभर ठेवायचं आणि सकाळी बघायचं. मुंगीचं, पाखराचं, गाईचं, ज्याचं पाऊल पिठात उमटेल, त्या जन्माला माणूस गेला. अक्काताई बुट्टीला टेकूनच आडवी झाली.

सकाळी भावकी जमली. पीठ वाचायचा मान आप्पांच्या चुलत भावजयीचा, शालूबाईचा. तिनं बुट्टी उचलली आणि ती तशीच हवेत धरून राहिली.

पिठात हात होता. छोटा, पाची बोटं फाकलेला, तळव्यावरच्या रेघांसकट.

माधवीच्या नवऱ्यानं, सौरवनं, भिंतीचा आधार घेतला. माधवीच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो आप्पांमुळे नव्हे. हा पंजा तिच्या ओळखीचा होता. असले पंजे ती रोज कागदावर उठवून घेत होती. अंगठा एवढा लांब ताणणारी पोरगी गावात एकच होती. बुट्टीला टेकलेल्या आत्तीचा, सासूचा, डोळा लागला असेल, आणि आली असेल आपली कारटी हळूच. तिला हे शिकवलं कुणी? आपणच.

खरं सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात शालूबाई बोलली.

"मूल उमटलंय. गुंडूभावजी ह्याच घरात परत येणार. माधवे, तुझ्या पोटी येणार बग."

ऋतिकाच्या बाळंतपणात माधवी मरता मरता वाचली होती. त्याच वेळी दोघा नवराबायकोनं विचार करून ऑपरेशन उरकून घेतलं होतं आणि घरात त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. सौरव खाली मान घालून उभा राहिला. बायका एकेक करून माधवीच्या पोटाकडं बघून हात जोडायला लागल्या. मेलेला माणूस परत यायची वाट सगळी भावकी आता तिच्याकडं डोळे लावून बघणार होती, आणि दार तर कधीच बंद झालं होतं. सगळ्यात जास्त भीती तिला अक्काताईची वाटली. ती बाई परातीकडं एकटक बघत होती, रडतही नव्हती.

माणसं पांगली तशी माधवी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्ती, ते आप्पांचं न्हाय. ऋतिकाचा हात हाय तो. माझंच शिकवणं नडलं. आन् शालूकाकी म्हणत्यात तसं कायबी व्हणार न्हाय. ऋतिकाच्या टायमालाच मी ऑपरेशन करून घेतलंय. तुमास्नी सांगायचं धाडस झालं न्हाय."

आता आत्ती घर डोक्यावर घेणार, म्हणून ती डोळे मिटून थांबली.

"ऋतिकाचा हाय, ते मला म्हाईत हाय," अक्काताई म्हणाली. "मीच धरून ठेवला."

माधवीनं डोळे उघडले.

"उजाडायच्या आदी मी बुट्टी उचलून बगितली. काय न्हवतं गं. मुंगीचा पायसुदिक न्हाय. मी केलतं तसंच सपाट पीठ. भावकीनं बगितलं असतं तर म्हटली असती, गुंडूला कुटंच जागा मिळाली न्हाय. मग पोरीला उठिवलं. ती इचारती कशी, आज्जी, रंग कुठाय? म्हटलं, आज बिनरंगाचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शालूच्या डोसक्यात तुझं पोट यील, असं मला वाटलं न्हवतं. तिचं मी बगते. तुझं पोट तुझं हाय."

माधवी परात उचलायला वाकली.

"पर तू शिकल्याली हाईस," अक्काताईनं तिचा हात धरला. "मला एवढंच सांग. पीठ तसंच ऱ्हायलं, मग माणूस गेला कुटं?"

आप्पा गेल्यापासून माधवीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नव्हता. ती सासूच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली.