झुलेखाबाईंनी शिवलेली वाचनवही

मित्रांनो, छापखाना मी कधी पाहिला नाही. मी हाताने लिहिलेली आणि हाताने शिवलेली एक जुनी वाचनवही आहे. कुवेत शहरात, समुद्राजवळच्या शर्क भागात, एका भाड्याच्या घरात आपल्या कोकणी मंडळींची लहानशी शाळा भरत असे. त्या शाळेतल्या झुलेखाबाईंनी १९६२ च्या उन्हाळ्यात मला तयार केले. माझी गोष्ट आनंदाची नाही, पण ती सांगायला इथे आता माझ्याशिवाय कुणी उरलेले नाही.

झुलेखाबाई मूळच्या दाभोळच्या. तिथल्या मराठी शाळेत त्या फायनलपर्यंत शिकल्या होत्या. त्यांचे पती रफीक शुवेख बंदरावर जहाजातून उतरणाऱ्या मालाची नोंद ठेवत. शाळेतली मुले दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन अशा गावांतून आलेल्या कुटुंबांची होती. घरी ती कोकणी बोलत. शाळेत मात्र पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात इंग्रजी पुस्तक येई. पुस्तकही सगळ्यांचे एक नव्हते. ज्याला जे मिळाले ते तो आणी.

झुलेखाबाईंच्या वर्गात ताहिरा नावाची सहा वर्षांची मुलगी होती. ती इंग्रजी धडा घडाघडा म्हणत असे आणि सगळे तिचे कौतुक करत. एके दिवशी झुलेखाबाईंनी सहज पानावरच्या चित्रावर तळहात ठेवला. ताहिरा गप्प झाली. हात उचलला, तशी ती पुन्हा बोलू लागली. बाईंनी सगळ्या वर्गाला असेच करून पाहिले. एकोणीस मुलांपैकी एकालाही चित्राशिवाय एक ओळ वाचता आली नाही.

त्या दिवसापासून बाई अस्वस्थ होत्या. मुलांनी आधी आपल्या बोलीजवळच्या भाषेत, म्हणजे मराठीत, वाचायला शिकावे आणि वाचणे म्हणजे काय ते कळले की मग इंग्रजीकडे जावे, असे त्यांच्या मनाने घेतले. रफीकनी बंदरावरून एका बाजूने कोरे असलेले जुने कागद आणून दिले. शुक्रवारच्या सुट्ट्यांत बाई बोरूने लिहीत बसत. शिडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी दोरा आणला आणि अशा दहा वह्या शिवल्या. त्यांतली पहिली मी.

माझ्यात राजे-राण्या नव्हत्या. 'पाण्याचा टँकर आला. आई बादली आण.' असा माझा पहिला धडा होता. पुढे होडी होती, खजूर होता, वाळूचे वादळ होते, बंदरावरून घरी येणारे बाबा होते. चित्र एकही नव्हते. ते बाईंनी मुद्दामच टाळले होते.

मित्रांनो, ते पहिले वर्ष माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले वर्ष. लहान बोटे माझ्या ओळींखालून सरकत. कुणी अडखळले तर बाई वाट पाहत, शब्द पुरवत नसत. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे कुवेतची हवा जरा निवळते तेव्हा, निम्मी मुले वाचू लागली होती.

ताहिराचे वडील महबूब मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पाइप उचलण्या-बसवण्याचे काम करत. ते तिथल्या कॅम्पात राहत आणि फक्त शुक्रवारी घरी येत. तिची आई बिल्कीस हिला लिहिता-वाचता येत नव्हते. गावाहून पत्र आले की ते शुक्रवारपर्यंत फळीवर पडून राही. त्या हिवाळ्यात मंगळवारी एक पत्र आले. ते ताहिराने उघडले आणि नानीच्या, म्हणजे बिल्कीसच्या आईच्या, गुडघ्याचे दुखणे कमी झाल्याचे आईला वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी बिल्कीस शाळेत आली. तिने मला दोन्ही हातांत घेतले, डोळ्यांना लावले आणि बाईंना परत दिले. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पण शाळा वाढत होती. सगळ्या लहान वर्गांसाठी वाचनाची एकच पुस्तके ठरवावीत, म्हणून १९६३ च्या अखेरीस पाच जणांची समिती नेमली गेली. चिटणीस होते अशरफ, एका जहाज कंपनीच्या ऑफिसात काम करणारे, नीटनेटके गृहस्थ. मुख्याध्यापक हमीद सर समितीत होते. पालकांच्या वतीने महबूब होते. आणखी दोघे दुकानदार होते. झुलेखाबाईंना बैठकीत बसता येणार होते, मत मात्र नव्हते.

पहिल्या बैठकीत टेबलावर विलायतेहून आलेला नमुन्याचा संच मांडला होता. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, सोनेरी केसांची मुले आणि त्यांचा कुत्रा. शेजारी बाईंनी मला ठेवले. एका दुकानदाराने मला उलटेसुलटे करून पाहिले. माझ्या पानांच्या मागे जहाजावरच्या मालाच्या याद्या होत्या, त्या पाहून त्याला हसू आले. ही तर वही आहे, पुस्तक कुठे आहे, असे तो म्हणाला. हमीद सर न्यायी माणूस. ते म्हणाले की पाहून ठरवण्यापेक्षा शिकवून ठरवू. नव्या पहिलीतली दहा मुले विलायती संचावर शिकतील, दहा मुले वहीवर. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांची परीक्षा घेऊ. सर्वांनी मान डोलावली.

त्या आठ आठवड्यांत झुलेखाबाई बदलून गेल्या होत्या. रोज मला पिशवीत घालून घरी नेत आणि रफीकना मुलांच्या गमती सांगत. आज इसाकने 'टँकर' वाचला, आज आमिना जोडाक्षरावर अडली नाही. रफीक ऐकत. सहाव्या आठवड्यापासून ते जरा कमी बोलू लागले होते, पण बाईंच्या ते ध्यानात आले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही नाही.

परीक्षा हमीद सरांनी स्वतः घेतली. प्रत्येक मुलाला त्याने कधी न पाहिलेले पान द्यायचे, वाचून घ्यायचे आणि मग विचारायचे की यात काय झाले. माझ्यावर शिकलेल्या दहांपैकी आठ मुलांनी वाचले आणि काय झाले ते सांगितले. विलायती संचाच्या नऊ मुलांनी पहिला धडा सुरेख म्हणून दाखवला. पण तेच शब्द जागा बदलून नव्या पानावर दिले, तेव्हा फक्त दोघांना जमले. सरांनी हे सगळे जसेच्या तसे अहवालात लिहिले.

शेवटची बैठक १९६४ च्या मार्च महिन्यात झाली. अहवाल वाचून झाला. मग अशरफ म्हणाले की मुले वाचतात हे मान्य आहे, पण प्रश्न ती काय वाचतात हा आहे. झुलेखाबाईंनी सांगितले की वाचणे एकदा आले की ते दुसऱ्या भाषेतही नेता येते, फक्त एक वर्ष द्या. दुकानदार महबूबकडे पाहू लागले. त्यांची मुलगी याच वहीवर शिकली होती.

महबूब उभे राहिले. बोलण्याची सवय नसलेला माणूस, त्यांनी टेबलाची कड धरली होती.

"बाई, मी मराठी वाचतो," ते म्हणाले. "चांगलं वाचतो. फोरमन रोज सकाळी इंग्रजीत कागद लावतो. तो ज्याला वाचता येतो त्याला मीटर बघायचं काम मिळतं. मी पाइप उचलतो. माझ्या पोरीनं काय करावं, ते तुम्हीच सांगा."

महबूब खोटे बोलत नव्हते, हे झुलेखाबाईंना ठाऊक होते. आपले म्हणणेही खोटे नाही, हेही ठाऊक होते. दोन्ही एकाच वेळी कसे सांगायचे ते त्यांना त्या घडीला सुचले नाही. पुढे कित्येक दिवस घरी भाकऱ्या थापताना त्या ते उत्तर पुटपुटत असत, पण तेव्हा ऐकायला समिती नव्हती.

विलायती संचासाठी पाच हात वर झाले. पाचवा हात हमीद सरांचा होता. अहवाल त्यांनी लिहिला होता, पण हात त्यांनी सगळ्यांबरोबर वर केला.

उठताना अशरफ सहज बोलून गेले की बरे झाले, पुस्तके बंदरात येऊन पडलीच आहेत, उद्या सोडवून आणू.

त्या संध्याकाळी बाईंनी मला पिशवीतून काढून चटईवर ठेवले आणि रफीकना विचारले की पेट्या कधी आल्या. रफीकनी खाली पाहिले. पाचव्या आठवड्यात, ते म्हणाले. शाळेचे नाव घातलेल्या चार पेट्या. नोंद त्यांनीच केली होती.

"तुम्ही मला सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

"तू रोज हसत घरी यायचीस," रफीक म्हणाले. "मला नाही सांगवलं."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला उचलून फळीवर ठेवले आणि रांधायला गेल्या. परीक्षा घेण्याआधीच निकाल जहाजात चढला होता, हे कळल्यावर रागवायचे तरी कुणावर?

मित्रांनो, यानंतर माझी जागा शाळेतल्या कपाटाचा खालचा कप्पा झाली. माझ्या नऊ बहिणी एकेक करून गेल्या. कुणाची पाने हिशेबाच्या गणितांसाठी फाडली, कुणाला वाळवी लागली. बाई आता विलायती संच शिकवत. त्यात बर्फाचा माणूस होता. मुले विचारत की हा मिठाचा आहे का. बाईंनीही बर्फ पाहिला नव्हता. रोज अर्धा तास मराठी वाचन घेऊ द्यावे, असा अर्ज त्यांनी दोनदा दिला. समितीने दोन्ही वेळा नाकारला. मुलांचा गोंधळ होईल, असे कारण लिहून आले.

ताहिरा मोठी झाली. ती इंग्रजी छान उच्चारात वाचे. मराठीशी तिचा संबंध उरला नव्हता. १९६६ च्या थंडीत, शनिवारी, गावाहून एक पत्र आले. बिल्कीसने ते मोठ्या विश्वासाने तिच्या हातात दिले. अक्षर घाईचे होते, जोडाक्षरे ताहिराला आठवत नव्हती. मध्येच 'आई' हा शब्द तिला ओळखू आला. नाही येत म्हणायची तिला लाज वाटली असावी. चित्र पाहून धड्याचा अंदाज बांधायची सवय तिला शाळेनेच लावली होती. तिने अंदाज बांधला आणि सांगितले की नानी बरी आहे, सगळ्यांची आठवण काढते.

बिल्कीसने त्या दिवशी गोड केले, शेजारी वाटले. सहा दिवस ती आनंदात होती. शुक्रवारी महबूब घरी आले आणि त्यांनी पत्र वाचले. नानी वारली होती.

दुसऱ्या दिवशी महबूब कामावर गेले नाहीत. शाळेत आले आणि कपाटाजवळ झुलेखाबाईंसमोर उभे राहिले. हे सगळे त्यांनी सांगितले, म्हणून मला कळले. शेवटी ते म्हणाले, "हात मीच वर केला होता, बाई."

बाईंनी त्यांना दोष दिला नाही. त्यांनी मला कपाटातून काढले, धूळ पुसली आणि ताहिराला शाळा सुटल्यावर थांबायला सांगितले. ताहिरा थांबली. बाईंनी मला तिच्यासमोर उघडून ठेवले. ती माझ्याकडे पाहत राहिली, पण तिने तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. मराठीतले काहीही तिने पुन्हा मोठ्याने वाचले नाही.

पुढच्या वर्षी रफीक यांची नोकरी संपली, तसा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवानाही संपला. दोघे बोटीने गावी निघाले. निघण्यापूर्वी बाईंनी मला पिशवीत घातले होते. मग काय वाटले कुणास ठाऊक, त्यांनी मला परत कप्प्यात ठेवले. कुणाला लागली तर, असे त्या स्वतःशी म्हणाल्या.

मी कुणाला लागले नाही. १९६९ मध्ये शाळा मोठ्या इमारतीत जायची होती, म्हणून जमिलाबाई नावाच्या नव्या शिक्षिका कपाट आवरत होत्या. मी त्यांच्या हाती आले. त्या भारताबाहेर वाढलेल्या, इंग्रजीतून शिकलेल्या. त्यांनी मला वर्गात नेले, उंच धरले आणि हे कुणाला वाचता येते का, असे विचारले. वर्गात एकतीस मुले होती. बहुतेकांचे आईवडील दाभोळ, हर्णै, श्रीवर्धनचेच. कुणी हात वर केला नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने इंग्रजीत विचारले की मिस, हे हिंदी आहे का. जमिलाबाई म्हणाल्या की त्यांनाही नक्की माहीत नाही. मग त्यांनी मला रद्दीच्या खोक्यात ठेवले, हळूच, पाने दुमडणार नाहीत अशा बेताने.

मित्रांनो, माझे आता काही व्हायचे नाही आणि मी ते मागतही नाही. पण तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन मुलांसाठी पुस्तके निवडायला बसेल. तेव्हा एवढे करा. आधी एका मुलाला जवळ बोलवा, त्याने न पाहिलेले पान त्याला द्या आणि काय कळले ते विचारा. ते जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. बाहेर हमाल आला आहे. तो एकेक खोके उचलतो आहे, आणि माझे खोके दाराजवळच आहे.