दुकानाचं डोकं

कंगवा मानेच्या जरा खाली येऊन रुतला आणि पुढे सरकेना. तिने तो दोन्ही हातांनी धरून खाली ओढला. कट्‌ असा आवाज झाला, कंगव्याचा एक दात बेसिनमध्ये पडला आणि त्याच्यामागून तुटलेल्या केसांचा एक ओला पुंजका.

बाथरूमच्या दारात छोट्या खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलेली तिची मुलगी ते बघून खुदकन हसली.

"हस, हस," ती म्हणाली. "आई टकली झाली की आणखी हस."

केस विंचरायची तिला ही एकच पद्धत माहीत होती. आईचं केस कापायचं दुकान. माहेरी कंगवे पैशाला पासरी. ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा टाळूपाशी घालायचा, एका दमात खाली आणायचा आणि लगेच कातर चालवायची. जे उरायचं ते जेमतेम चार बोटं. त्यात गुंता व्हायला जागाच नसायची. तिरका काप, गोल काप, कुरळ्यांचा वेगळा, विरळांचा वेगळा, हे सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कापलेच नाहीत तर केसांचं पुढे करायचं काय, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शिकवायची वेळच आली नव्हती. तिचं डोकं पहिल्यापासून दुकानाचं होतं. नवा काप आईने कुठे बघितला, की तो आधी तिच्यावर व्हायचा. तो जमला की तिचा फोटो निघायचा आणि दारालगतच्या काचेत लागायचा, मग बायका यायच्या आणि म्हणायच्या, तुमच्या मुलीसारखा करा. शाळेत तिला 'पाटी' म्हणत. कॉलेजात एकदा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईने एका बाजूने आखूड, एका बाजूने लांब असं काहीतरी करून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ओळखपत्राशी चेहरा जुळेना म्हणून तिला वर्गाच्या दारातच थांबवलं. आई त्यावर मनापासून हसली होती आणि ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होती.

दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आणि दुकानात जाणं थांबलं. केस आपले आपण वाढत राहिले. कानावर आले, मग ना धड इकडचे ना तिकडचे झाले, डोळ्यांत गेले, मानेला टोचू लागले. बाळंतपणानंतर मुठीमुठीने गळले. जो येईल तो म्हणे, कापून टाक, सुटशील. तिने ऐकून घेतलं आणि कापले नाहीत. आणि मग एका सकाळी दुधाची बाटली उकळत असताना पाठीला काहीतरी लागलं म्हणून ती दचकून वळली. मागे कुणी नव्हतं. तिचेच केस होते.

तिने तुटका कंगवा बाजूला ठेवला आणि मुलीसमोर फरशीवर बसली. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यांच्या दोऱ्या रोज एकमेकींत अडकत आणि ती रोज त्या खालच्या टोकापासून सोडवत असे. तिने एक बट पुढे घेतली, शेवटाजवळ बोटं घातली, तेवढंच मोकळं केलं. मग जरा वर. मग आणखी वर. हात भरून आले, पण एकही केस तुटला नाही.

"अजून चाललंय?" नवरा दारातून डोकावला. "मला ऑफिसला जायचंय. दाढी तरी करू दे."

"दाढी वाढव."

"मला नाही शोभत."

"मला शोभतंय," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका संध्याकाळी मुलगी रडायला लागली ती थांबेना. भूक नव्हती, ताप नव्हता, पोट मऊ होतं. तिने कपडे काढले, पाठ बघितली, कान बघितले, हिरड्या चाचपल्या. नवरा खेळणं वाजवत मागे-मागे फिरत होता. शेवटी तिने मोजे काढले. डाव्या पायाचा अंगठा सुजून निळसर झाला होता आणि त्याच्या बुडाशी एक बारीक रेघ रुतलेली होती. ती रेघ म्हणजे केस होता. तिचा केस, मोज्यात गेलेला, मुलगी पाय हलवेल तसा अंगठ्याभोवती आवळत गेलेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भिंगाखाली तो केस काढला.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "होतं असं. घाबरू नका. मोजे उलटे करून बघत जा, आणि बाळाजवळ केस बांधून ठेवा."

घरी परतताना नवरा म्हणाला, "मी काय म्हणतो, सध्या कापून टाक ना. परत येतील की."

मुलीचा उघडा पाय तिने सगळ्या वाटेत हातात धरून ठेवला होता. अंगठा हळूहळू गुलाबी होत होता.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. जावयाने तिला सांगितलं होतं.

"मी म्हणतच होते," आई म्हणाली. "शनिवारी दुपारी ये. गर्दी नसते. पोरीलाही आण."

"येते," ती म्हणाली. या वेळी तिला स्वतःलाच वाटत होतं की जावं. रात्री झोपेतसुद्धा तिचा हात त्या पायाकडे जात होता.

शनिवारी निघताना केसांचा चिमटा तिने बाथरूमच्या फळीवरच ठेवला. आता तो लागणार नव्हता. भाजीच्या जुडीचं एक रबर मनगटात होतं, तेच तिने केसांना गुंडाळलं.

दुकानात बँकेतल्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्या गेली कित्येक वर्षं याच दुकानात केस कापायला येत आणि काप संपला तरी चहा झाल्याशिवाय उठत नसत. त्यांनी हात पुढे करून मुलीला मांडीवर घेतलं. आईने लेकीला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, पायाने दांडा दाबून खुर्ची वर केली आणि रबर ओढत न बसता कातरीने कापून टाकलं. मग बाटलीतून पाणी फवारलं, शेपटीच्या कंगव्याने भांग काढले आणि केसांचे भाग वर उचलून क्लिपा लावल्या. आईचा हात लागला की तिची मान आपोआप वाकत असे. तशी ती वाकली.

"बराच कचरा झालाय टोकांना," आई म्हणाली. "पण दाटपणा आहे. छान बसेल. मागे उतरता, पुढे हनुवटीपर्यंत. असा इथे कुणाचाच नाहीये अजून."

"काही पण कर," ती म्हणाली. "बांधावे लागू नयेत एवढं बघ."

"मी म्हणते ना, छान दिसशील. शिवाय चारला तो येतोय."

"कोण?"

उत्तर बँकेतल्या बाईंनी दिलं. "फोटोवाला गं. मला तर तुझी आई मागच्या आठवड्यातच म्हणाली होती, शनिवारी या, मुलगी येणार आहे, नवा काप बघायला मिळेल."

मागच्या आठवड्यात मुलीचा अंगठा ठणठणीत होता.

तिने आरशात आईकडे बघितलं. आईने पाणी फवारलं. "मान खाली."

"आई, फोटोवाल्याला कधी सांगितलंस तू?"

"अगं, काचेतला फोटो पिवळा पडलाय. तुझ्या लग्नाच्या आधीचा तो. बायका विचारतात, ही कोण? म्हटलं, तू आज ना उद्या येशीलच."

"आणि आलेच."

"आलीस ना. लेकीच्या काळजीने आलीस, चांगलंच केलंस. दोन्ही कामं होतील." आई कातर घेता घेता वळली आणि बँकेतल्या बाईंच्या मांडीवरच्या मुलीच्या डोक्यावरून तळवा फिरवला. कानामागून, टाळूवरून, पुन्हा मानेपर्यंत. कलिंगड पारखावं तसा. "हिची कवटी बघा कशी गोल आहे. हिच्या आईची जरा चपटी. केससुद्धा सरळ येणार. दोन-तीन वर्षं थांबा, मग काचेत ही, आणि पाटीबाईंना सुट्टी."

बँकेतल्या बाई हसल्या. मुलीने मान झटकली.

आई परत मागे येऊन उभी राहिली. पहिली क्लिप सुटली, केस दोन बोटांत धरले गेले. तेव्हा कापडाच्या आतून एक हात वर आला आणि त्याने आईचं मनगट धरलं.

"नको."

"काय नको?"

"कापू नकोस."

"हे काय आता? सोड. लागेल कातर."

"लागू दे."

आईने हात सोडवून घेतला. "वेड लागलंय का तुला? पोरीचा अंगठा निळा झाला होता."

"झाला होता. माझ्याच केसाने झाला होता. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. रोज मोजे उलटे करीन, केस बांधून ठेवीन, जमिनीवरचे एकेक वेचीन. पण तिचा अंगठा पुढे करून फोटो नाही काढायचे."

"बघा हो, तोंड कसं चालतंय," आई बँकेतल्या बाईंना म्हणाली.

बँकेतल्या बाईंनी मासिक उघडून चेहऱ्यासमोर धरलं.

"डोकं माझं आहे, आई."

"हो का? जन्माला कुणी घातलं ते?"

"तू. म्हणून काय काचेत ठेवायचं? आणि माझं झालं की हिचं?"

आरशात दोघी एकीवर एक दिसत होत्या, खाली क्लिपा लावलेलं एक डोकं आणि वर रुमाल बांधलेलं दुसरं. आई दुकानात कायम रुमाल बांधायची. त्याखाली मागे अंबाड्याचा फुगीर गोळा असायचा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसं तिने तो जन्मभर बघितला होता.

"तू तुझे का नाही कापलेस कधी?" तिने विचारलं.

"मी कापणारी. माझं डोकं कोण बघतंय?"

"मग माझंही कुणी बघू नये."

मासिकाचं एक पान उलटलं. मग आईने कातर ट्रेमध्ये ठेवली, जरा जोरातच.

"जायचं तर जा. माझ्या क्लिपा काढून ठेव."

तिने एकेक क्लिप काढली आणि ट्रेमध्ये ओळीने ठेवली. केस ओले होऊन खांद्यावर पडले. कापड सोडून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि तिथेच, आरशासमोर उभी राहून, केस एका खांद्यावर घेऊन त्यांचे तीन पेड केले. वेणी तिने आजवर दुसऱ्यांचीच बघितली होती. मधला पेड कुठला हेच दोनदा हुकलं. जुन्या कापांची आखूड टोकं जागोजागी बाहेर आली. तिने सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मागे आई झाडू घेऊन फरशी झाडत होती. फरशीवर झाडण्यासारखं काहीच नव्हतं.

वेणी शेवटाला आली. शेपूट मुठीत धरून तिने इकडेतिकडे बघितलं. कातऱ्या होत्या, वस्तरे होते, भिंतभर कंगवे होते, ब्रश होते. केस बांधायला मात्र काही नव्हतं. बांधावे लागतील एवढे केस घेऊन इथून कुणी बाहेर पडतच नसे.

तिचा चेहरा बघून मुलीने दोन्ही हात पसरले. मग ओठ बाहेर काढले. मग भोकाड.

"घे गं तिला, माझ्याकडे राहत नाहीये," बँकेतल्या बाई म्हणाल्या.

ती दोन पावलं गेली आणि थांबली. मूठ सोडली असती तर केस मोकळे झाले असते. तिने मूठ सोडली नाही.

"मोकळ्या केसांनी उचलणार आहेस तिला?" झाडू थांबला होता.

"नाही. धरून उचलीन."

"एका हाताने?"

"एका हाताने. तशीच घरी जाईन."

आई तिच्याकडे बघत राहिली. मुलगी हुंदके देत होती. आईने झाडू भिंतीला टेकवला, दोन्ही हात डोक्यामागे नेले, रुमाल ढकलला आणि आत बोटं घालून काहीतरी उपसलं. काळी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली दोरी होती. ती तिने ट्रेमध्ये क्लिपांवर टाकली.

"दोन गाठी मार. निसरडी आहे."

अंबाडा एकदम सुटला नाही. आधी सैल झाला, मग एक वळसा घेऊन पाठीवर घरंगळला आणि कमरेच्याही खाली गेला. मुळाशी पांढरे होते ते केस, टोकांना अजून काळे.

बँकेतल्या बाईंच्या हातातलं मासिक खाली आलं. "अगंबाई!"

"काय अगंबाई? या, बसा खुर्चीत. चहा मग करते."

तिने दोरी उचलली. वेणीला दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या. मग मुलीला घेतलं, तिच्या पायातला एक मोजा काढला, उलटा करून उजेडाकडे धरला, पुन्हा चढवला, मग दुसरा. मुलगी खांद्यावर डोकं टेकून शांत झाली. तिने पिशवी उचलली आणि दाराकडे वळली. आई तिच्याकडे बघत नव्हती.

बँकेतल्या बाई खुर्चीत बसल्या, पण त्यांची नजर आरशातून आईच्या पाठीवरच होती.

"अहो, आणि तो फोटोवाला? चार वाजत आलेत."

आईने कापड दारापाशी झटकलं. वाऱ्याने केस पुढे आले ते तिने हाताच्या मागच्या बाजूने बाजूला केले, बांधले नाहीत, आणि पाण्याची बाटली उचलली.

"येऊ दे की," ती म्हणाली.