कट शिजतो की उबतो?

मित्रांनो, सुताराने माझ्या फळ्या सांधल्या, रंगाऱ्याने काळा रंग चढवला आणि मी एका वर्गाच्या भिंतीवर आलो. दिवसा मुलं माझ्यावर पाढे लिहीत. संध्याकाळी कामावरून सुटलेली मोठी माणसं इंग्रजी शिकायला येत. अक्षरं रोज पुसली जात, पण त्यांचं नवल माझ्या लाकडात मुरत राहिलं.

एका संध्याकाळी बाईंनी माझ्यावर कटकारस्थानांचे शब्द लिहिले. पहिलाच होता 'हॅच अ प्लॉट'.

"हॅच म्हणजे अंडं उबवून पिल्लू बाहेर काढणं," बाई म्हणाल्या. "इंग्रजीत कट असा उबवतात."

"आपल्याकडे तर शिजतो की हो!" बसचालक म्हणाला. वर्गात हशा पिकला.

मी थक्क झालो. इकडे कट चुलीवर, तिकडे कोंबडीखाली! माणसांसारखे शब्दही आपापले सोबती निवडतात तर! मग 'फॉइल अ प्लॉट' आलं, म्हणजे कट उधळणं. 'अनकव्हर अ प्लॉट', म्हणजे तो उघडकीला आणणं. शेवटी बाईंनी लिहिलं, 'कॉन्स्पिरसी थिअरी'.

"पुरावा नसतानाही कुणाचा तरी छुपा कट आहे असं धरून बसणं."

मागच्या बाकावरची शिलाईवाली ताई एकदम म्हणाली, "बाई, माझ्या बाबांचं हेच झालंय. मोतीबिंदू पिकलाय. पण सगळे डॉक्टर संगनमताने चांगले डोळे काढून घेतात, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. आणखी थांबलो तर नजर हातची जाईल."



"भांडू नकोस," बाई म्हणाल्या. "हा कट कुणी रचला, कुणी पाहिला, एवढंच विचार. आणि ते काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐक."

दुसऱ्या दिवशी ताईने सगळं सांगितलं. बाबा आधी चिडले. शेवटी म्हणाले, "कटबिट मला काय ठाऊक, पोरी. मला भीती वाटते गं. अंधारातच राहिलो तर?"

"मी दाराशी बसून राहीन," ती म्हणाली. तेव्हा कुठे ते ऑपरेशनला तयार झाले.

काही आठवड्यांनी ते लेकीबरोबर वर्गात आले. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. तरी ते माझ्यासमोर उभे राहिले आणि खडूच्या एका रेघेवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

"अगं, केवढं पांढरं आहे हे!" ते पुटपुटले. "इतकं पांढरं असतं होय?"

मित्रांनो, जन्मभर मी खडू अंगावर वागवला. तो इतका पांढरा असतो हे मलाही त्या दिवशीच कळलं.

आता माझ्या जागी गुळगुळीत नवा फळा आलाय. मी जिन्याखाली धूळ खात उभा आहे. मला अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा. आणि घाबरलेलं माणूस काही भलतंच बोलू लागलं, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याला काय दिसेनासं झालंय, ते आधी विचारा.