दोन सारखे डोळे

मित्रांनो, मी एक जुना चित्रफलक आहे. शाळेत मला सगळे ड्रॉइंग बोर्ड म्हणत. हल्ली माझ्या अंगावर कागद नसतो. पुलगावातल्या एका घरात मी पाण्याच्या रांजणावर झाकण होऊन पडलेला असतो.

मला कवडू सुताराने आपल्या एकुलत्या लेकीसाठी, सरोजिनीसाठी घडवले. सागाची फळी त्याने इतकी रंधली की कुठेही हात फिरवला तरी कुसळ लागत नसे. १९५५ साली सरोजिनीला मुंबईच्या एका चित्रकलेच्या शाळेत जायचे होते. प्रवेशासाठी आधी आपली चित्रे पाठवावी लागत. फुले झाली, भांडी झाली, माणसाचा चेहरा तेवढा राहिला होता.

तिने आईला समोर बसवले. शकुबाईला लहानपणी देवी आल्या होत्या. तेव्हापासून तिची डावी पापणी अर्धी मिटलेली असे.

"माहं तोंड काय काढून राह्यली वं? एखांद्या चांगल्या बाईले बसव."

"मले तूच पाह्यजे. हालू नोको."

चित्र पुरे झाले तेव्हा शकुबाईने ते बराच वेळ पाहिले. "मीच आहो," ती हळूच म्हणाली. तिने आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता.

सरोजिनी सगळी चित्रे घेऊन शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या कृष्णकांत सरांकडे गेली. सर मनाने चांगले होते. शाळा सुटल्यावरही थांबून त्यांनी एकेक चित्र पाहिले, भांड्यांच्या सावल्या कुठे फिक्या पडल्या ते सांगितले. शेवटी माझ्यावर लावलेला चेहरा त्यांनी समोर घेतला.

"यात जीव आहे. पण हा डोळा चुकला. दोन्ही डोळे सारखे हवेत. परीक्षक आधी तेच बघतात."

त्यांनी जाड पेन्सिल घेतली आणि दाबून, ठसठशीत रेघांनी तो डोळा पूर्ण उघडला. त्या रेघा मला कागदाखाली जाणवत होत्या. सरोजिनीचा हात एकदा पुढे आला आणि मागे गेला.

घरी येऊन ती म्हणाली, "आई, उद्या अजून बसजो."

"बसीन ना."

दुसऱ्या दिवशी शकुबाईला ताप भरला. तो विषमज्वर निघाला. दवाखान्यातून ती परत आली नाही.

तेरवी झाल्यावर कवडूने चित्र मागितले.

"हे कोण होय?"

"आई."

तो पाहत राहिला. "नाई," म्हणाला, "हे शकू नाई."

सरोजिनीने त्या रेघा खोडून पाहिल्या. त्या खोल रुतल्या होत्या. घासता घासता कागदच फाटला.

चित्रे अजून का पाठवली नाहीत, हे विचारायला सर घरी आले. तेव्हा तिने सगळे सांगितले.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुमी सर आहा."

सर अंगणात मान खाली घालून बसले. जाताना एक कोरा कागद ठेवून म्हणाले, "आठवून काढ."

तिने तो माझ्यावर लावला. कपाळ आले, उजवा डोळा आला. डाव्या डोळ्याशी हात थांबला. आठवू गेले की तिला सरांनी काढलेला डोळाच दिसे. चित्रे पाठवायची मुदत निघून गेली. मग एका सकाळी तिने टाचण्या काढल्या आणि मला भिंतीशी उभे केले.

मित्रांनो, कुणी विश्वासाने आपले चित्र तुमच्यापुढे ठेवले, तर सांगायचे ते तोंडाने सांगा. त्यावर आपली पेन्सिल टेकवण्याआधी एवढे विचारा, हे कोण आहे? सरोजिनी सांगायला तिथे उभीच होती.